दोन घरांचं एक घर आणि मधली चक्की

मोहाडी, जि. भंडारा
२२ नोव्हेंबर १९८५

सन्माननीय भाचे तेजराम यांस,

मोतीलालमामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (आपल्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, म्हणून पडलो. पुढं जे लिहिणार आहे ते या नमस्कारातून वजा करू नये.) नागपूरची हवा तुला मानवत असेल, दुकानात रेडिओ दुरुस्तीला येत असतील आणि दुरुस्त होऊन जातही असतील, अशी आशा करतो. आम्ही दोन्ही घरी सुखरूप आहोत. माझा गुडघा थंडीनं कुरकुरतो, पण ते तुझ्यापर्यंत आलंच असेल, कारण आता ते सगळ्या गावाला माहीत आहे.

तू आमच्या विणकर गल्लीतल्या घरात बोलके डबे बसवलेस तेव्हा मी तुझं कौतुक केलं होतं. ते मागे घेत नाही. एक डबा मागाच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक ओसरीवर माझ्या खुर्चीशी. एकानं बोलावं, सगळ्यांनी ऐकावं. तुझ्या मामीचे हात पिठात असतात म्हणून तू डबा बंद करायची कळच ठेवली नाहीस, तोही विचार चांगलाच होता. वाचनमालेतल्या कवितांत अशी घरं असायची, ज्यांत आईनं चुलीपाशी म्हटलेली ओवी अंगणातल्या वासरालाही ऐकू जायची. पहाटे मी ओसरीवरून चौथीतली नदीची कविता म्हणायचो आणि आमचा थोरला नत्थू मागावर ठेका धरायचा. (तो म्हणतो ठेका नव्हता, धागा तुटला होता. असो.)

मग धाकट्या टिकारामानं तहसील कचेरीच्या मागे नवं घर बांधलं. त्याच्या बायकोचं, विजयमालेचं, बाळंतपण आलं, आणि तुझी मामी बारशापर्यंत म्हणून तिकडे गेली. बारसं झालं. बाळाचं जावळ झालं. आता बाळ भिंत धरून उभं राहतं, आणि मामी तिकडेच आहे. तेव्हा मीच तुला लिहिलं की डबे तिकडेही बसव, म्हणजे घर एकच राहील. तू आलास, बाजाराच्या मैदानावरून सरळ तार नेलीस, आणि धानाच्या पहिल्याच बंडीनं ती चाकाला गुंडाळून नेली. मग तू वाट बदललीस. भिंतींच्या मागून तार भैय्यालालच्या आटाचक्कीत, तिथं थकलेल्या आवाजाला जोर देणारा आणखी एक डबा, आणि तिथून पुढं नवं घर. मी विचारलं, घरातलं बोलणं चक्कीतून? तू म्हणालास, "मामा, वाट कुठूनबी जाऊ द्या जी, दोनी घराले वाटन का आपून एकच घर आहो." वाक्य इतकं सुंदर होतं की मी पुढं काही विचारलं नाही. कविता आवडणाऱ्या माणसाचं असंच नुकसान होतं.

तर आता ऐक. मामी तिकडून विचारते, "सत्यवती, वरणात मीठ टाकलं का?" आमची मोठी सून तोंड उघडायच्या आत चक्कीतून भैय्यालालची बायको केशरबाई सांगते, "टाकलं जी, बरणीचं झाकण वाजलं आत्ताच." दळणाला आलेल्या बायका आमच्या जेवणावर मत देतात. माझी नदीची कविता त्यांना पाठ झाली आहे. परवा माझं एक कडवं सुटलं, तर रांगेतून कोणीतरी ते भरून काढलं. (चाल चुकीची होती, पण शब्द बरोबर होते.)

दुसरी गोष्ट हाकेची. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "आयकता का जी" म्हणतात. एका घरात चालून जायचं. कोणाचा आवाज कोणासाठी हे भिंतींनासुद्धा कळत होतं. दोन घरं एक झाल्यावर एका दुपारी डब्यातून आलं, "आयकता का जी, पानं वाढली." नत्थू मागावरून उठला. भैय्यालालनं चक्की थांबवली. मला तो आवाज मामीचा वाटला, म्हणून मी धोतर बदलून, टोपी घालून, मैदान ओलांडून नव्या घरी गेलो. विजयमालेनं टिकारामाला बोलावलं होतं. मामी म्हणाली, "तुमाले कोणं बोलावलं?" मी म्हटलं, असाच आलो होतो. जेवलो आणि परत आलो. तेव्हापासून भैय्यालाल मध्येच ओरडून विचारतो, "कोणी आयकाचं, ते सांगा पयले," आणि उत्तर मिळालं की बोलणं पुढं जाऊ देतो.

टिकारामाला हे पटेना. त्यानं चक्की टाळून मागच्या गल्लीनं दुसरी तार ओढली, पण पहिली काढली नाही. असू द्यावी म्हणाला. मी एकदा खोकलो. तो खोकला चक्कीवरून नव्या घरी गेला, मागच्या गल्लीनं परत आला, आमच्या डब्याला वाटलं कोणीतरी नव्यानं खोकलं, त्यानं तो पुन्हा धाडला. नत्थूनं तार उपटेपर्यंत माझा खोकला गावाला प्रदक्षिणा घालत होता. शेजारचे लोक काढा घेऊन आले. मी एकदाच खोकलो होतो हे कोणी मानलं नाही.

पण ही सगळी हौस सोसता येते. खरी अडचण अशी की यंत्र चालतं. फारच चांगलं चालतं. मामी तिकडे बसून इकडची चूल चालवते, धोब्याला दम देते, माझ्या औषधाची आठवण करते. मग इकडे यायचं कायले? एका संध्याकाळी मी डब्यासमोर बसून रिकाम्या अंगणाची आणि परत न आलेल्या पाखराची कविता म्हटली. सावकाश, अर्थ कळावा अशा बेतानं, शेवटच्या ओळीवर थांबून. तिकडून मामी म्हणाली, "आवाज बसला वाटते. आल्याचा चहा घ्या."

बाकी ठीक. धान यंदा बरं झालं आहे. तुझ्या घरच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना पाठांतर करायला सांगणे.

तुझा मामा,
मोतीलाल

ता.क. पत्राचं मुख्य काम लिहायचं राहिलं. सवड काढून ये, डबे तपासायला आलो म्हण, आणि तार अशी बिघडव की आपोआप बिघडली असं वाटावं. उंदरावर घालता आलं तर उत्तम. बोलणं बंद पडलं की मामीला स्वतः यावं लागेल. हे कोणाला सांगू नकोस.

आणखी ता.क. सांगायची गरज उरली नाही. जन्मभर पोरांना श्रुतलेखन घातलेल्या माणसाला मनात लिहिता येत नाही. मी लिहिताना मोठ्यानं म्हणतो. एरवी डब्यावर वाकळ टाकून बसतो. आज सत्यवतीनं ती उन्हात घातली आहे. वरची ता.क. संपली तेव्हा चक्कीचा पट्टाही थांबलेला होता. मग तिकडून तुझी मामी म्हणाली, "एवढंच होतं तं ये म्हणाचं होतं जी. साऱ्या कविता म्हटल्या, ये म्हणून कदी नाई म्हटलं." मी घसा साफ केला. भैय्यालाल म्हणाला, "म्हणा गुरुजी, आमी कान झाकतो." दळणाच्या रांगेतून हसू आलं, म्हणजे कोणीच झाकले नव्हते. एवढ्या लोकांतून तो एक शब्द माझ्यानं पुढं ढकलवेना.

शेवटची ता.क. (ही मनात लिहितो आहे.) तार बिघडवू नकोस. मामी इकडे आली तर तिकडच्या वरणातल्या मिठाचं कोण पाहणार? मी स्वतःच तिला आणायला जायचं ठरवलं आहे. हे पत्र वाटेत पेटीत टाकीन. सत्यवतीला फक्त एवढंच विचारलं की माझी टोपी कुठं आहे. लगेच चक्कीतून भैय्यालालनं पुढं कळवलं, "गुरुजी निघाले." तिकडं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मी अजून चप्पल शोधतो आहे.