फ्रँकफर्ट ते लिस्बन, आणि दारातला केर

चाकूर, रविवार, २१ जून

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आज नेमकं पोरीच्याच बाबतीत चुकलो.

अश्विनी आज फ्रँकफर्टहून लिस्बनला गेली, नव्या नोकरीवर. तिकिटावर सुटायची वेळ दहा, पोचायची बारा. म्हणजे दोन तास. लातूरला जाऊन यायला लागतात तेवढेच, असं मी बायकोला, शकूला सांगितलं.

घरचं माणूस प्रवासात असलं की ते पोचेपर्यंत शकू घर झाडत नाही. केर सकाळपासून तसाच होता. आपले साडेतीन वाजले तेव्हा मीच म्हणालो, "उतरली असंल आता. झाड तू."

तिनं झाडलं. पण अश्विनीचा फोन काही लागेना. तिकीट पुन्हा काढलं, तेव्हा डोक्यात आलं. लिस्बनचं घड्याळ एक तास मागं. प्रवास तीन तासांचा आणि पोरगी अजून वरच.

शकूनं सुपलीतला केर परत आणला आणि होता तसा दारात पसरला. असल्या गोष्टींना मी जन्मभर हसलो. आज का नाही हसलो? उलट उठून पंखा बंद केला, केर उडू नये म्हणून.

पावणेपाचला फोन आला. "पोचले बाबा. जेवलात का?"

"हाव, जेवलो की," शकूच बोलली. ताटं झाकलेलीच होती.

मग तिनं झाडू माझ्या हातात दिला. मी केर भरून बाहेर टाकून आलो, तेव्हा कुठं तिनं पंखा लावला.