गुडघाभर पाणी

मु. समुद्रकाठ,
३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
छोटीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. फोनवर तुम्ही मी जेवले का ते विचारता आणि माझं उत्तर यायच्या आत फोन आईच्या हातात देता. मला तुमच्याशी त्याहून जरा जास्त बोलायचं आहे, म्हणून हा कागद.

आधी माझा दिवस सांगते. माझी खोली नावा दुरुस्त करायच्या शेडवर आहे. पहाटेच खाली ठोकाठोक सुरू होते, त्यामुळे गजर लावावा लागत नाही. अंथरुणात वाळू, वहीत वाळू, काल तर चष्म्याच्या डबीतही वाळू. सकाळी सायकलवरून कॉलेज. हो, सायकल. फारशी पडले नाही. वर्गातली सगळी मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर वर्ग एकदम गप्प झाला, त्यांना वाटलं मीच शिकवणार. मीही सवयीनं खडू शोधायला लागले.

दुपारनंतर समुद्र. तळाशी गवत उगवतं, तोच आमचा अभ्यास. मुलं बुडी मारतात आणि जुडी घेऊन वर येतात. मी सलवार वर खोचून, त्यांच्या कमरेच्या दोरीचं टोक धरून काठाशी उभी. पाणी गुडघ्याच्या वर आलं की मागं सरकते. भरतीच्या वेळी अशी मागं मागं जात एकदा थेट रस्त्यावर पोचले. मुलांनी मला इथल्या भाषेत नाव ठेवलंय, त्याचा अर्थ साधारण गुडघेबाई असा होतो.

आता मुद्द्याचं. एप्रिलअखेर पोहण्याची परीक्षा आहे. त्यात पास होईल त्यालाच बोटीवर घेतात. जे गवत शिकायला मी वर्षभराची रजा काढून एवढ्या लांब आले, ते काठाजवळच्या गवताहून वेगळं, बोटीवरून खोल पाण्यात उतरल्याशिवाय दिसत नाही. नापास झाले तर कपाटातले वाळलेले नमुने बघत बसायचं, आणि वाळलेलं गवत मी वीस वर्षं मुलांना दाखवतेच आहे. इथला पोहणं शिकवणारा म्हणतो की महिन्याभरात शिकवतो, पण बाई, आधी पाण्यात तर उतरा. सध्या तो मला वाळूवर पालथं पाडून हातपाय मारायला लावतो. येणारेजाणारे थांबून बघतात.

मी नऊ वर्षांची असताना कालव्यात पडले, त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या गळ्याची शपथ घातलीत. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. ती मी आजवर पाळली. विज्ञान शिकवणारी बाई शपथेला घाबरते म्हणून लोक हसतील. पण बाबा, गळा तुमचा आहे, आणि त्याच्या जरा खाली डॉक्टरांनी टाके घातलेत. माझी हिंमत होत नाही. शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, हा नियमही तुमचाच. तेव्हा तेवढा एक शब्द लिहून पाठवा.

गोळ्या वेळेवर घ्या. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो त्या शपथेइतकाच घट्ट असू द्यावा.

तुमची,
छोटी (वय वर्षं पंचेचाळीस)


मु. घर,
१४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बिघडलंय. वाळूमुळे असेल.

इकडे सगळं क्षेम. गच्चीवरच्या टाकीचा नळ गळत होता, तो बदलला. समोरच्यांनी घरात नवं वायरिंग करून घेतलं आणि अर्थिंगच केलं नाही. मी जाऊन सांगितलं तर म्हणतात, काका, आता जमाना बदलला. जमाना बदलला, पण वीज बदलली का? जावईबापू रविवारी येऊन गेले. त्यांना आता भात जमतो. वजन उतरलेलं दिसलं नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही.

गवताबद्दल म्हणशील तर आपल्या मागच्या अंगणात काय कमी आहे? महिना झाला, उपटायला माणूस मिळत नाही. त्यासाठी समुद्रात कशाला जायचं?

मी जन्मभर वायरमनचं काम केलं. खांबावर चढताना पट्टा बांधायचो. कुठलीही वायर आधी उलट्या हातानं तपासायचो, झटका बसलाच तर हात मागे येतो. म्हणून आज पेन्शन खातोय. समुद्राला पट्टा कुठे बांधणार? पाण्यात पडलं की पोहता येतं असं लोक म्हणतात. तू नऊ वर्षांची असताना पडून बघितलंस, काही आलं नाही. तेव्हा तो शब्द मी लिहिणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

उन्हात टोपी घालत जा. आईचे आशीर्वाद. प्रेम आहेच, ते वेगळं काय लिहायचं.

तुझा,
बाबा

ता. क. तो शिकवणारा किती वर्षं शिकवतोय? त्याच्या हाताखाली कोणी बुडालेलं नाही ना, ते विचारून ठेव. सहज विचारतोय.


मु. घर,
२२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
आईचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र मी यांच्या चोरून लिहितेय. ते दाढी करताहेत तोवर संपवायचं आहे.

तुझं पत्र आल्यापासून स्वारी रोज सकाळी उठून गावातल्या पोहण्याच्या तलावावर जाते. का, तर म्हणे तिथल्या पंपाचा स्टार्टर बिघडलाय. एक स्टार्टर दुरुस्त व्हायला इतके दिवस लागतात का गं? शेवटी काल मी मागोमाग गेले. बघते तर हे कठडा घट्ट धरून उभे, आणि शिकाऊ मुलांकडे टक लावून बघताहेत. घरी आल्यावर मला चहा पिता पिता समजावून सांगतात की श्वास पाण्यात सोडायचा आणि तोंड वर काढून घ्यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्यांनी मलाही एकदाच सांगितली होती. तू कालव्यात पडलीस तेव्हा ते काठावरच होते, तुझ्या चपला हातात घेऊन. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि पाय उचलला गेला नाही. कपडे धुणाऱ्या एका बाईनं उडी टाकली आणि तुला वेणीला धरून बाहेर काढलं. वेणी मी घट्ट घातली होती म्हणून, हे श्रेय मात्र मी सोडणार नाही.

शपथ त्यांनी तुला घातली खरी, पण पुन्हा तसं काठावर उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून घातली. त्यांना तुझ्या बुडण्याची भीती आहे, आणि त्या काठाची त्याहून जास्त आहे. इतकी वर्षं मनात ठेवून बसलाय हा माणूस.

त्यांना घाई करू नकोस. पण तूही इतक्यात धीर सोडू नकोस.

दाढी झाली वाटतं. जपून राहा, माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आई


मु. समुद्रकाठ,
६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
छोटीचा सा. न. वि. वि.

पुन्हा विचारू नकोस म्हणालात, म्हणून विचारत नाही. आमच्या सरांना सांगितलं की महिनाअखेरपर्यंत माझं नाव बोटीच्या यादीत राहू द्या, नंतर खुशाल कपाटाला लावा. ते बरं म्हणाले.

वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. काल मुलं पाण्यातून वर आली ती सगळी एकदम बोलत होती. खाली गवताचं मोठं शेतच होतं, वारा आल्यासारखं हलत होतं, आणि त्यात नखाएवढे मासे लपत होते. मी दोरीचं टोक धरून ऐकत होते. नंतर खोलीवर येऊन थोडी रडले. घरमालकीण काही विचारत बसली नाही. फळं कापून आणली आणि शेजारी बसून स्वतःच अर्धी खाल्ली.

बाबा, एक सांगायचं राहून गेलंय. कालव्याच्या दिवसाचं पाणी मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. तुम्ही मला खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत आलात, आणि माझ्या चपला एका हातात धरलेल्या. वाटेत कुणीतरी त्या मागितल्या, ओझं नको म्हणून, तर तुम्ही दिल्या नाहीत. मला वाटलं, एवढं सगळं झालं तरी माझ्या बाबांनी माझ्या चपला हरवल्या नाहीत. आजही त्या दिवसाचं मला एवढंच वाटतं. दुसरं काही माझ्या मनात कधी नव्हतं.

टोपी घालते. तुम्ही गोळ्या घ्या. लोभ कमी करू नका, एवढंच मागणं.

तुमची,
छोटी

ता. क. शिकवणाऱ्याला विचारलं. कोणी बुडालेलं नाही. एकजण कंटाळून निघून गेला, तेवढाच.


मु. घर,
१७ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई बोललेली दिसते. तिच्या पोटात काही राहत नाही. असो, राहिलं असतं तर या घराचं काही खरं नव्हतं.

पंपाच्या स्टार्टरला काहीही झालेलं नाही. मी तलावावर का गेलो ते मलाही पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. पाणी बघितलं आणि कठडा घट्ट धरला. खांबावर कधी भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की यातलं तुमचं मूल कोणतं. मी म्हटलं, माझं जरा लांब आहे, आणि जरा मोठंही आहे. त्या हसल्या. आता पोरं येताजाता टॉवेल माझ्या खांद्यावर टाकतात, चपला पायाशी सोडतात. मी जोड लावून ठेवतो.

परवा एक मुलगी खोल बाजूला गेली आणि तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. डोळे मिटून घ्यावेत, निघून जावं असं वाटलं. पण हललो नाही. बाईंनी तिला धरून काठाला आणलं, ती खोकली, नाक पुसलं, आणि माझ्याकडे बघून हसत पुन्हा पाण्यात गेली. मी बघत उभा राहिलो. कठडा केव्हा सुटला ते कळलं नाही.

तुझं पत्र तुझ्या आईनं मला दोनदा वाचून दाखवलं. चष्मा घरातच होता, पण मला वाचवेना. त्या चपला मी का धरून ठेवल्या होत्या, तर दुसरं काही करता आलं नव्हतं म्हणून. तुला त्याचं असं काही वाटत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बरं वाटलं गं पोरी. फार बरं वाटलं.

आता नीट वाच. श्वास पाण्यात सोडायचा, तोंड वर काढून घ्यायचा. मान ताठ ठेवायची नाही, ताठ मानेचा माणूस बुडतो, असं बाई म्हणतात. घाबरलीस तर पाठीवर वळायचं आणि आकाश बघायचं. पाणी आधी उलट्या हातानं तपासायचं, हे बाईंचं नाही, माझं.

शपथ सुटली. नियमाप्रमाणे तोंडानंही म्हटलंय, तुझी आई साक्षीला बसली आहे. तिनं डोळ्याला पदर लावलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

जा, उतर पाण्यात. चपला मी सांभाळतो.

काठावर उभा असलेला,
तुझा बाबा