मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी

बेव्हर्ली पार्क, मंगळवार, १० फेब्रुवारी

क्लाउडचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं. कंपनीला काय, रोज नवा अवतार! ह्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंगं त्यातच अडकलीत. ह्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर नवं टाकायला ह्यांचाच पासवर्ड लागतो, आणि हे जाऊन दोन महिने झाले. आता विचारू कोणाला, फोटोला?

शेजारचे पटेलभाई म्हणाले, "भाभी, भाईसाब ने कहीं लिखा तो होगा?"

लिहिला होता! मॉनिटरवर, पिवळ्या चिठ्ठीवर. दिवाळीच्या साफसफाईत मीच ती फाडली. वर म्हटलं, "घर आहे की नोटीस बोर्ड?"

तेव्हा हे हसले. "मला पाठ आहे गं. चिठ्ठी तुझ्यासाठी होती."

तेव्हाच दुसरी लिहून घ्यायला काय झालं होतं मला? चिठ्ठीच्या डिंकाचा डाग तेवढा उरलाय. तोसुद्धा मी घासून काढणार होते.