आईचं आवरतं घेणं

प्रिय ताई,

नमस्कार. आपल्या दोघींना न विचारता दादाने आईचं मोठं टेबल स्वतःकडे उचलून नेलं, आणि तू मला लिहितेस, 'चिडू नकोस'!

माझं इथे बरं चाललं आहे. खोली लहान असली तरी उबदार आहे. खोकलाही गेला, म्हणजे जवळजवळ गेला.

आई म्हणाली होती, "आता आवरतं घेते." शिवणाची कामं कमी घेईन, एवढाच त्याचा अर्थ. पण साध्या राहणीवर व्याख्यानं झोडणाऱ्या आपल्या बंधुराजांना वाटलं, घरच आवरायचं! म्हणे, "एकट्या बाईला एवढं टेबल कशाला?"

अरे शहाण्या, त्याच टेबलावर भाजी चिरली, आपला अभ्यास झाला, बाबांच्या आजारपणात औषधं मांडली. एका टेबलावर पाच जणांचा संसार करणं, याला साधेपणा म्हणतात. कपाटं भरून कोट ठेवणाऱ्याने तो आईला शिकवू नये.

आता ती जमिनीवर वाकून कापड बेतते. तिची कंबर दुखते का गं? मला ती खरं सांगायची नाही.

ताई, दादाची समजूत घालणं पुरे झालं. या रविवारी टेम्पो घेऊन त्याच्या दारात जा आणि टेबल आईच्या घरी परत आण.

तुझीच,
धाकटी