बाराची पाळी

२१ फेब्रुवारी १९८३, इन द ईव्हनिंग

पोचले एकदाची! अहमदपूरहून निघालेल्या एसटीने फाट्यावर उतरवलं आणि तिथून ट्रंक डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर पायपीट. घामाने अंघोळ झाली, पण नुसती हसत होते. पंचशीलाबाई, सहशिक्षिका, इंग्रजी! नांदेडच्या आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडी असं काही आलं नव्हतं.

वर वेळ इंग्रजीत का लिहिली, त्याची भानगड अशी. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या ऑफिसात मुलाखत झाली. साहेबांनी दिनक्रम इंग्रजीत सांगायला लावला. मी ‘इन नून’ म्हणाले, ‘इन नाइट’ म्हणाले, आणि टेबलापलीकडचे तिघं खो खो हसले. साहेबांनी समजावलं की सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना ‘इन द’. भर बाराला आणि रात्रीला ‘ॲट’. नोकरी दिली, पण कान लाल करून दिली. तेव्हापासून डायरीत रोज वेळ लिहायची आणि बरोबरच लिहायची, असं ठरवलंय. आता हसून दाखवा म्हणावं.

खोली केवळाबाईंच्या घरात मिळाली. एकट्याच राहतात, चार एकर कोरडवाहू आहे. माझं आडनाव ऐकून त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग चहा घेता का म्हणाल्या. कप वेगळा काढून ठेवलेला नाही ना, हे मी बघून घेतलं. आई म्हणते, शीले, तुझी नजरच संशयी. असू दे.

२४ फेब्रुवारी, इन द आफ्टरनून

गावात पाण्याची बोंब आहे. आड आटले, टँकर फाट्यापर्यंतच येतो. फक्त खालच्या अंगाच्या बारवेत पाणी आहे. पायऱ्या अठ्ठावीस (मोजल्या), तळाशी झरा, तोही थेंबथेंब. म्हणून पाळ्या लावल्यात. सकाळी वरची आळी, दुपारी उशिरा खालची, संध्याकाळी बाकीचे.

आता मला सांगतील, तुम्ही वर थांबा, आम्ही वरून ओततो. मी भांडणाची तयारी करूनच बसले होते. तर सरपंच हणमंतराव स्वतः दारात आले. बाईंना बाराची पाळी, म्हणाले. लई निवांत, गर्दी न्हाई, भांडण न्हाई, स्वतः उतरून भरा.

खरं सांगते, डोळे भरून आले. माझी आजी विहिरीवर ओंजळ पुढे करून तासन्‌तास उभी राहायची. तिच्या नातीला अख्खी एक पाळी! लगेच आईला पत्र टाकलं की बाडबिस्तरा आवर आणि इकडे ये.

२ मार्च, इन द आफ्टरनून

सकाळची शाळा असल्याने अकराला सुटका. बाराला बारवेत जाते, घागर भरते, येते. पाणी गोड आहे. झरा माझ्या पाळीला अगदी खळखळून येतो.

आज सहावीला दिनक्रम लिहायला दिला. सगळ्यांनी सकाळ लिहिली, दुपार लिहिली, संध्याकाळ, रात्र. ‘ॲट नून’ एकानेही लिहिलं नाही. बाराला तुम्ही काय करता, असं विचारलं तर वर्गच्या वर्ग खाली बघायला लागला. दार लावून आत बसतो, एवढंच पुढच्या बाकावरची रुद्राणी पुटपुटली. ऊन लागतं म्हणून असेल.

आईचं पत्र आलं. शेजारच्या पोराकडून लिहवून घेतलेलं. ती विचारते, न मागता पाणी देतात म्हणजे काय, शीले? जरा बघून राहा. हद्द झाली! आता हिचीच नजर संशयी.

८ मार्च, इन द आफ्टरनून

बाराला गेले. घागर भरली, वर आले. पाच मिनिटांचं काम. वर खालच्या आळीच्या बायका येऊन बसलेल्या. साडेतीन वाजले, म्हणाल्या.

माझ्या घड्याळात बारा दहा. घड्याळ बंद पडत असणार. हलवून बघितलं तर चांगलं टिकटिकतंय.

१२ मार्च, इन द ईव्हनिंग

आज वर आले तेव्हा ऊन उतरलेलं होतं. शपथेवर सांगते, मी खाली एक घागर भरण्याइतकीच थांबले होते. खाली जाताना अठ्ठावीस पायऱ्या. वर येताना मोजायचा धीर झाला नाही.

संध्याकाळच्या पाळीच्या बायका खुशीत होत्या. पाणी दोन पायऱ्या चढलं म्हणे. साखराबाई नावाच्या म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. डोळे पुसत होती. का?

घरी आले तर माझ्या खोलीला बाहेरून कडी, मी न लावलेली. केवळाबाई दचकल्या. आलात का, म्हणाल्या. येणार नव्हते की काय मी?

१४ मार्च, इन द मॉर्निंग

अक्षर वाईट येतंय.

खडू शोधताना कपाटात गेल्या वर्षीच्या सहावीच्या वह्या सापडल्या. माझ्या आधी ग्यानोबा सर होते. परगावचे, एकटेच. बदली झाली असं हणमंतरावांनी सांगितलं होतं. पोरांना दर आठवड्याला दोन ओळी लिहायला लावत, विषय ‘अवर सर’.

‘अवर सर गोज टु द बारव ॲट नून. ही कम्स होम इन द आफ्टरनून.’

पुढच्या आठवड्यात, ‘ही कम्स होम इन द ईव्हनिंग.’

त्याच्या पुढच्या, ‘ही कम्स होम ॲट नाइट.’

त्यानंतर एकच ओळ. ‘अवर सर गोज टु द बारव ॲट नून.’ खाली पान कोरं.

बत्तीस वह्या बघितल्या. बत्तीसही तशाच. एक चूक नाही. पोरांनी जे दिसलं ते लिहिलं.

१५ मार्च, इन द ईव्हनिंग

काल गेले नाही, आज गेले नाही. घशाला कोरड. केवळाबाई दोनदा येऊन गेल्या, पाळी चुकवू नका म्हणाल्या. गाव दारात उभं राहून माझ्याकडे बघतंय. बारव उतरली म्हणे.

आणि आज आई आली! न कळवता, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण सांगू काय? आमच्या घरात भूतबित मानत नाहीत. तीच हसेल मला. बारवेत साप निघालाय, जायचं नाही, एवढंच सांगितलं.

१७ मार्च, इन द मॉर्निंग

पहिल्या गाडीने अहमदपूर. बदली मागते. नाही दिली तर राजीनामा. खड्ड्यात गेली नोकरी. आईला म्हटलं, सामान बांधून ठेव.

१७ मार्च, इन द आफ्टरनून

आई घरात नाही. घागर नाही.

केवळाबाई म्हणाल्या की पाळी घराची असते, माणसाची नव्हं. तुमच्या आईच आपण होऊन गेल्या. पोरगी सापाला भिती म्हणून मी जाते, म्हणाल्या.

बाराला.

वरच्या पायरीवर बसलेय. हाका मारल्या. घसा फाटला — खाली उतरवत नाही —

मी खरं सांगायला हवं होतं. हसली असती तर हसली असती. मी लाजले, आणि माझी आई —

इन द ईव्हनिंग

बायका घागरी घेऊन आल्यात. दोर मागितला. कंदील मागितला. कुणी हललं नाही. साखराबाई रडतेय, पण जागची हलत नाही.

पाणी चढतंय. वरून दिसतंय. आता विसाव्या पायरीवर आहे.

हणमंतराव आले. हात जोडले. अगदी सावकाश, समजावल्यासारखं बोलले. आवंदा दुष्काळ लई मोठा हाय, बाई. एका माणसात भागंना.

मागे वाट भरलीय. सगळं गाव —

ॲट नाइट

आईची हाक आली.

शीले म्हणाली. लई पाणी हाय म्हणतेय, गार हाय, दुसरी घागर घेऊन ये म्हणतेय. आवाज पाण्याखालून येतोय. पण आईचाच आहे. आईचाच —

बायका बाजूला सरून मला वाट देतायत.

आले गं आई, थांब, एकटी नको राहू — आधी एक पायरी वर ये ना, तुझं तोंड दिसू दे मला, तुझं —