लिंबाची वाळकी फांदी

प्रिय रुद्राणी,

तू काठी घेऊन लेकीच्या अंगणात चालायला लागलीस, हे मला परवा दूधवाल्यानं सांगितलं. इतक्या वर्षांच्या शेजारणीची खबर दूधवाल्याकडून कळावी, ही वेळ मीच आणली. तू नांदेडला गेल्यापासून, क्लासच्या पोरींना भाड्यानं दिलेल्या तुझ्या लिंबाखालच्या पत्र्याच्या खोल्या बंद आहेत. बाकी लातूर तेच. पहाटेपासून क्लासच्या पोरापोरींची पळापळ, आणि आपल्या वसाहतीत घरं कमी, हॉस्टेलं जास्त.

भूकंपानंतर घरात पाय टाकवत नव्हता, तेव्हा आपण दोघी अंगणाच्या कडेच्या त्या कडुलिंबाखाली ताडपत्री बांधून राहिलो. चूल एकच होती. माझी अर्शी तापानं फणफणली, तर तू तिला मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. म्हणून शेषेराव डाळमिलवाला शेजारच्या प्लॉटवरच्या हॉस्टेलसाठी लिंब पाडायला निघाला, तेव्हा मी महापालिकेच्या कचेरीत धावले. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, फांदीसुद्धा नाही, असा कायदा आहे हे तिथंच कळलं. त्याचं काम थांबलं. लोक मला झाडवाली मलिकाआपा म्हणू लागले. खरं सांगते, ते नाव मला लई गोड लागलं.

मग तू वाळकी फांदी काढायचा अर्ज केलास. झाडावर नोटीस लागली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, शेषेरावनंच हिला पुढं केलंय. आज फांदी, उद्या बुंधा. तू माझ्या दारात आलीस. "मलिका, खाली पोरी झोपतात गं. पार वाळून गेलीय ती." मी म्हणाले, "कायदा सगळ्यांना सारखा, रुद्राणी." तू तशीच माघारी गेलीस. मी अंगणात जाऊन मान वर करून एकदा बघितलंसुद्धा नाही. हरकत घेतली, सुनावणीत तावातावानं बोलले, तुझा अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशी मी घरी शीरखुर्मा केला होता.

वैशाखात वादळी वावधान सुटलं तेव्हा मी खिडक्या लावत होते. तू ओरडत खोलीकडं पळालीस, आतल्या पोरीला हाताला धरून बाहेर ढकललंस, आणि फांदी तुझ्या पायावर आली. लोकांनी तुला ऑटोत घातलं तेव्हा मी पडद्याआड उभी होते. आमचे मालक ताहेर म्हणत राहिले, "जा की तिच्याजवळ." माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला न्हाई. नंतरही दवाखान्यात आले नाही. काय तोंड घेऊन यायचं?

आता शेषेरावनं पुन्हा अर्ज टाकला, झाड धोकादायक आहे, मुळापासून काढा. काल सुनावणी होती. मी ठरवूनच गेले होते, या वेळी हरकत घ्यायची नाही. पडू दे लिंब, तेवढीच माझी सजा, असं वाटत होतं. साहेबांनी मला विचारलं. मी मान खाली घालून म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही." तेवढ्यात मागून तुझा शिवशंकर उठला. "माझ्या आईची हरकत हाय, साहेब. आई म्हणते, वाळलेलं तेवढं काढा, हिरव्या झाडाला हात लावू नका." साहेबांनी तसाच हुकूम दिला. शिवशंकर माझ्याजवळून गेला. त्यानं सलाम केला, आणि मला तोंड वर करता आलं नाही.

घरी आल्यापासून विचार करतेय. झाड पाडून माझं ओझं उतरवायला निघाले होते मी. तुझ्या दुखण्याच्या नावावर! तू मात्र मोडक्या पायानं तिकडं बसून, झाडाकडं न बघताच ठरवून टाकायची माझी चूक दुसऱ्यांदा होऊ दिली नाहीस. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, ती कागदावर मागू नये. शुक्रवारी पहिल्या एसटीनं नांदेडला येतेय. कुणाच्या हाती निरोप देऊन मला थांबवू नकोस. दारातून परत धाडायचं असेल तर धाड. पण दार तू उघड, आणि जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल.

तुझीच, जशी आहे तशी,
मलिका