वैशाखात मोजलेला माळ

कुंभकोणम्,
कार्तिक, १९८८

चि. रघुपतीराव जावईबापू यांसी,

हनुमंतरावाचे आशीर्वाद पावावेत. आम्ही उभयतां ठीक. तुमच्या सासूबाईंचा गुडघा पाऊस थांबेपर्यंत संपावर आहे. चि. सौ. तुळसीला डोहाळे कसले लागलेत ते कळवावे. तुमच्या प्रकृतीची चौकशी करत नाही. वैशाखात आमच्याकडे ज्या जोमाने जेवत होतात, त्यावरून काळजीचं कारण दिसत नाही.

लिहायला बसलो तो तुमच्या त्या माळापायी. कोल्लिडम् नदीपलीकडचा गायरान माळ खणून लिग्नाइट कोळसा काढायच्या आधी ती जमीन किती पिकते, किती जनावरं पोसते हे ठरवायला कंपनीने तुम्हाला पाठवलं. तुम्ही रोज टोपी घालून जात होतात, लाकडी चौकट जमिनीवर टाकून आतलं गवत कापून आणत होतात आणि सासूबाईंच्या कॉफीपुडीच्या तराजूत तोलत होतात. (त्या तराजूला अजून मातीचा वास येतो. कॉफीलाही.) अख्ख्या माळावर तुम्हाला एकच जनावर दिसलं, गाढव, तेही वाट चुकलेलं. संध्याकाळी पानावर बसून तुम्ही निकाल दिलात, "मामा, ही जमीन कुणाच्याच कामाची नाही."

आणि त्याच जेवणात तुम्ही नाकाला रुमाल लावून विचारलंत की हा घाण वास कुठून येतो. सासूबाईंनी धूप जाळला. जावईबापू, तो वास त्या माळावरच्याच मेंढरांचा होता. पीक निघालं की सेतू मेंढपाळ कळप घेऊन नदी उतरतो आणि उन्हाळाभर रात्री मेंढरं बसवून आमच्याकडच्या रिकाम्या शेतांना लेंड्यांचं खत देतो. तेव्हा आपल्याच शेतात, घराच्या मागेच, रात्री मेंढरं बसत होती. माळावर नसलेली सगळी जनावरं तुमच्या पाठीमागे बें बें करत होती आणि तुम्ही वहीत शून्य लिहीत होतात. शिकल्यासवरल्या माणसाने वासाची तक्रार करावी आणि वास कुणाचा हे विचारू नये, याला काय म्हणावं?

मी तेव्हाच का बोललो नाही, असं तुम्ही म्हणाल. जावई पानावर असताना त्याचं म्हणणं खोडायचं नाही, ही आपल्या घरची रीत. आणि तुम्ही तर मुक्कामभर पानावरच होतात.

गेल्या आठवड्यात मी तिकडे जाऊन आलो. पावसाने गवत गुडघ्याएवढं झालंय, कळपात नवी कोकरं आहेत. सेतूच्या बायकोने ताक दिलं. माळ जाणार ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आहे. माळ गेला तर कळप विकून मजुरीला जावं लागेल, हेही त्यांना ठाऊक आहे. पण सेतू हसत होता. म्हणाला, "अय्या, साहेब तुमचे माप्पिळ्ळै. जावई तुमचा असताना आम्हाला कसली भीती?" मी ताक पीत राहिलो. इतकं आंबट ताक मी जन्मात प्यालो नव्हतो, आणि ताक गोड होतं.

तेव्हा मार्गळी, म्हणजे आपला मार्गशीर्ष, संपायच्या आत या, गवत असताना माळ पुन्हा मोजा, आणि ते शून्य खोडा. माणसाला लाज म्हणून काही असते.

तुमचा,
हनुमंतराव

ता. क. अहवाल वर गेला असून आता बदलत नाही असं तुळसीने कळवल्याचं सासूबाई आत्ताच सांगतात. मग वरचा मजकूर वाचून सोडून द्यावा. म्हाताऱ्याचा राग.

ता. क. परत एक. निदान तो अहवाल पुढच्या वैशाखापर्यंत बाहेर पडणार नाही एवढं पाहावं. साहेब माझे जावई म्हणून सेतूने यंदा कळप सगळ्यांच्या आधी आपल्या शेतात बसवायचं कबूल केलंय, आणि मी हो म्हटलंय.